फोनवरचं ‘बरोबर’

हे मी याडीला सांगितलेलं नाही. याडी म्हणजे माझी आई. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. हॉस्टेलमधल्या कुठल्या मैत्रिणीला सांगितलं नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बापूंना मात्र कदाचित ओळखत असाल.

बापू म्हणजे माझे वडील. आमच्या भागात त्यांचं नाव निघालं की एक गोष्ट निघतेच. मंत्रिपद चालून आलं होतं आणि या माणसानं ते परत पाठवलं — का, तर त्या दिवशी तांड्यावर दोन भावांचं भांडण मिटवायचं होतं. ही गोष्ट मी कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकली आहे. त्याच्या गोष्टीत लाल दिव्याची गाडी तांड्यापर्यंत आली होती आणि बापूंनी ड्रायव्हरला ताक पाजून वाटेला लावलं होतं. मी शेजारच्या टेबलावर बसून भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत राहिले. मान वर केली नाही.

त्या गोष्टीत भांडण खरं आहे. ते मिटवायला बसलेली बैठक खरी आहे. फक्त — थांबा. आधी मला बापूंविषयी सांगू द्या. हे मी टाळते आहे असं तुम्हाला वाटेल. टाळतेच आहे. पण बापू माहीत नसतील तर मी काय केलं तेही कळणार नाही.

आमचं घर पुसेगावच्या पुढं, सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे. मग बैल बसले, माणसं बसली, शेती सुरू झाली. पणजोबा तांड्याचे नायक होते, आजोबा नायक होते, मग बापू झाले. तांड्यावर तंटा झाला की सगळे पुरुष एकत्र बसतात. त्या बैठकीला नसाब म्हणतात. नायकानं तिथं सगळ्यात शेवटी बोलायचं. आणि बोलण्याआधी एक गोष्ट करायची — समोरच्याचं बोलणं त्याला परत द्यायचं. हा बापूंचा शब्द, ‘परत द्यायचं’. “तुझं म्हणणं असं असं हाय. बराबर?” असं विचारायचं. समोरचा ‘बराबर’ म्हणेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. तो ‘न्हाई’ म्हणाला, तर पुन्हा नीट ऐकायचं, पुन्हा परत द्यायचं.

हीच एक रीत घेऊन बापू सरपंच झाले, पंचायत समितीवर गेले, मग आमदार झाले. मुंबईला गेले तरी रीत बदलली नाही. विरोधात बसलेले असताना त्यांच्याच पक्षाचे लोक आरडाओरडा करत अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत धावायचे. पेपरवाले त्याला ‘हौद्यात उतरले’ असं म्हणतात. बापू कधी उतरले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, “आमच्या आज्या-पणज्यानं बैलं उतरवली हौदात. मी कशाला उतरू? मला तान लागली तर मी तांब्यानं पितो.”

पेपरात त्यांच्या नावामागं एक शब्द कायमचा चिकटला. मवाळ. ‘मवाळ नेते’. तांड्यावर एकदा कोणीतरी माधवकाकांना विचारलं, “मवाळ म्हंजी काय वं? मऊ?” माधवकाका पुसेगावचे, शेतकरी घरातले, बापूंची जीप चालवायचे आणि खरं तर बापूंचं सगळंच चालवायचे. ते म्हणाले, “व्हय, मऊ. पिकला आंबा मऊच राहतो. दात आंबवायला कच्चा लागतो, तुज्यासारका.”

मला हे सगळं किती आवडायचं! आणि हे मी कुणालाही सांगत नव्हते. हे दोन्ही खरं कसं असू शकतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मला औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत घातलं ते बापूंनीच. आजी नको म्हणत होती, याडी रडली होती. बापू म्हणाले, “कागद इंग्रजीत आला का चांगला बोलका माणूस मुका व्हतो. मी झालो, मला म्हाईत हाय. हिनं मुकं होऊ नये.” मी इंग्रजी शिकले. चांगलं शिकले. पण सुटीत घरी आले की तांड्यावर माझी जीभ अडायची. आमची बोली, मराठीहून वेगळी, मला समजायची, बोलताना मात्र शब्द उशिरा यायचे, आणि जे यायचे ते चुकीच्या लिंगात यायचे. मुलं नक्कल करायची. एका म्हातारीनं तर सगळ्या बायांसमोर माझ्या हनुवटीला हात लावून विचारलं होतं, “ही इंग्रजी गाय हंबरती बी इंग्रजीतच का गं?” बाया हसल्या. मीही हसले. आणि त्या सुटीत घराबाहेर फारशी पडले नाही. मुकी होऊ नये म्हणून पाठवलेली मुलगी घरी येऊन मुकी झाली होती.

आणि शाळेत? शाळेत कोणी विचारलं की मी सांगायचे, वडील शेती करतात. ते खोटं नव्हतं. आमच्या आडनावाचे लोक खूप, त्यामुळं कोणाला शंका यायची नाही. बापू भेटायला आले तर मी त्यांना फाटकाबाहेरच भेटायचे. तुम्हाला वाटेल, मला त्यांच्या धोतराची, त्यांच्या ‘न्हाई’-‘व्हय’ची लाज वाटत होती. तसं असतं तर सोपं होतं. लाज त्यांची नव्हती. कोणी माझ्याकडं बघावं हेच मला सहन व्हायचं नाही. आमदाराची मुलगी म्हटलं की मुली बघणार, बाई वर्गात उभं करणार, गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसवणार. मला मागची रांग हवी होती. भिंतीजवळची.

आता तो दिवस.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता, हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायचा होता. निवडणूक होऊन गेली होती. आता मंत्रिमंडळ वाढवायचं होतं, आणि त्यात बापूंच्या लहानशा पक्षाला जागा मिळणार होती. कोणाला मिळणार, ते मुंबईत ठरत होतं. सगळे आमदार तिथं तळ ठोकून बसले असताना बापू एका दिवसासाठी घरी आले. नसाब आधीच ठरली होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले होते. माधवकाका म्हणाले होते, “साहेब, आठ दिवसानं मिटवू की.” बापू म्हणाले, “कुऱ्हाड आठ दिवस थांबत न्हाई.”

माझी दिवाळीची सुटी होती. मी नववीत होते. याडी शेतात कापूस वेचायला गेली होती, माधवकाका जीप घेऊन हिंगोलीला. घरात मी एकटी. समोर, चिंचेखाली, नसाब बसली होती.

आणि फोन वाजला.

फोनवर याडीनं आरशांचं भरतकाम केलेला रुमाल घातलेला असायचा, लग्नातल्या नवरीसारखा. मी एरवी फोन उचलत नसे. वाजू द्यायचे. पण तो थांबेना, आणि चिंचेखालची दोन माणसं घराकडं बघायला लागली. बघायला लागली, म्हणून मी उचलला.

पलीकडं भाऊसाहेब होते. पक्षाचे सगळ्यात ज्येष्ठ नेते, त्यांचा आवाज मी रेडिओवर ऐकलेला. ते माझ्याशी फार प्रेमानं बोलले. बापू नसाबीत आहेत म्हटल्यावर म्हणाले, माहीत आहे, त्यांना उठवू नकोस. फक्त कानात विचारून ये. राज्यमंत्री म्हणून त्यांचं नाव देतो आहे, घेणार का? यादी लगेच द्यायची आहे, नाहीतर दुसरं नाव जाईल. “मी फोन धरून बसतो, बाळ. जा.”

रिसीव्हर खाली ठेवून मी उंबऱ्यापर्यंत गेले.

उंबऱ्यापासून चिंच काही लांब नव्हती. पुरुष गोल करून बसले होते. मध्ये ते दोघे भाऊ, एकमेकांकडं पाठ करून. बापूंचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता आणि ते त्याला काहीतरी परत देत होते. मला त्या गोलातून जायचं होतं. सगळ्यांच्या मधून, हॉस्टेलमध्ये घालते तोच जीन्सचा पायजमा घालून. आणि कानात म्हटलं तरी बोलावं लागणारच होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य आमच्या बोलीत जुळवून बघितलं. पहिला शब्द आला. दुसरा आला नाही. इंग्रजीत ते वाक्य माझ्याकडं पूर्ण तयार होतं, व्याकरणासकट.

मी लाजले — हे खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले, की मी लाजले. लहान होते, लाजले. पण त्या लाजेच्या मागं आणखी एक गोष्ट उभी होती, आणि ती मला तेव्हाही दिसत होती. आमदाराची मुलगी लपू शकते. मंत्र्याची मुलगी लपू शकत नाही. लाल दिव्याची गाडी हॉस्टेलच्या फाटकाशी थांबलेली मला उंबऱ्यावर उभी असताना स्वच्छ दिसली. खिडक्यांत मुली दिसल्या. मला ते नको होतं. बापूंना हवं असो वा नसो, मला नको होतं.

मी परत फिरले. रिसीव्हर उचलला.

“आलीस? विचारलंस का? काय म्हणतात?”

मी म्हटलं, “नाही.”

मला म्हणायचं होतं — विचारलं नाही. खरंच सांगते, तो ‘नाही’ पहिल्या प्रश्नाचा होता. मग भाऊसाहेबांनी जे केलं ते थेट बापूंसारखं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी बहुधा बापूंकडूनच ते उचललं असावं. त्यांनी माझं बोलणं मला परत दिलं.

“म्हणजे साहेब नाही म्हणतात. बरोबर?”

एवढी मोठी संधी कोणाला मिळते? चुकून निघालेला शब्द दुरुस्त करायला कोणी समोर धरतं का असा? नसाबीत याच क्षणी माणूस म्हणतो, न्हाई, माझं म्हणणं तसं नव्हतं. त्याचसाठी तर ती रीत आहे.

मी म्हटलं, “बरोबर.”

“वाटलंच होतं मला,” भाऊसाहेब म्हणाले. “मोठा माणूस आहे तुझा बाप.”

मी फोनवर रुमाल नीट घातला. आरसे वरच्या बाजूला आले आहेत ना, ते बघितलं.

संध्याकाळपर्यंत भावांचं मिटलं. दोघांनी एकाच वाटीतून गूळ खाल्ला. बापू घरात आले, हात-पाय धुतले, आणि विचारलं, “माझ्यासाठी फोन आलता का गं बाई कुणाचा?”

“नाही,” मी म्हटलं. हा दुसरा ‘नाही’.

आता जे सांगते ते गोष्टीत कुठंच येत नाही. बापू बाज ओढून फोनजवळ बसले. मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. शेंगा फोडायचं काम त्यांनी घरात कधी केलेलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओवर नावं सांगितली, तेव्हा शेवटचं नाव होईपर्यंत ते बसले. मग रेडिओ बंद करून म्हणाले, “चांगली हायेत माणसं,” आणि शेताकडं गेले. जाताना चपला घालायला विसरले.

त्यांना हवं होतं. मवाळ माणसाला काही नकोच असतं, असं लोकांना का वाटतं? बापूंना ते पद हवं होतं, आणि ते मागायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून आपलं नाव का आलं नाही, हेही त्यांनी कोणाला विचारलं नाही. भाऊसाहेबांना वाटत राहिलं की बापूंनी नकार दिला. त्यांनी ते कौतुकानं चार लोकांना सांगितलं, चारांनी चाळीसांना. माधवकाका हिंगोलीहून ती बातमी घेऊन आले, तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता. “साहेब, मला बी न्हाई सांगितलं?”

“मी न्हाई कशाला म्हणीन? मला कुणी इचारलंच न्हाई, माधवराव.”

माधवकाकांनी हात जोडले. “असं म्हणणंच तुमाला शोभतं.”

त्यानंतर बापू ते वाक्य कितीदा म्हणाले! सभेत, लग्नात, एसटी स्टँडवर. मला कुणी इचारलंच न्हाई. ते जितकं म्हणत तितकी गोष्ट मोठी होत गेली. भाऊसाहेबांनाही कोणी जाऊन सांगितलं असणार. ते म्हणत, जो मंत्री झाला त्याला दुय्यम वाटू नये म्हणून हा असं बोलतो. खरं बोलणाऱ्या माणसाचं एकच वाक्य कोणी खरं मानलं नाही — आणि ते मानू नये अशी तजवीज मी केली होती.

गंमत अशी की त्या खोट्यावरच बापूंचं पुढचं सगळं उभं राहिलं. पुढं पक्षात दोन गट पडले, एकमेकांचं तोंड बघेनात. विधानसभेतला गटनेता कोणाला करायचं, तर दोन्ही बाजूंनी एकच नाव आलं. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याला. बापू गटनेते झाले आणि बरीच वर्षं राहिले.

मी त्यांना तिथं एकदा पाहिलं आहे. कॉलेजात होते, नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं, माधवकाकांनी पास काढून दिला. मी गॅलरीत बसले, अर्थातच मागच्या रांगेत. खाली नुसता गोंधळ. मराठवाड्याच्या पाण्यावरून समोरच्या बाकावरचे एक आमदार तावातावानं बोलत होते, आमच्या बाजूचे ओरडत होते. बापू उभे राहिले. थांबले. ओरडणं संपलं तेव्हा म्हणाले, “सन्माननीय सदस्यांचं म्हणणं असं हाय, की वरच्या धरणातून पाणी सोडलं तर त्यांच्या उसाला कमी पडंल, आणि त्यांचा शेतकरी बी शेतकरीच हाय. बराबर?”

समोरचे आमदार गोंधळले. आपलंच म्हणणं आपल्यापेक्षा नीट कोणी मांडलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाले, “बरोबर.”

“आता मी आमच्या ज्वारीचं सांगतो,” बापू म्हणाले. आणि सगळं सभागृह ऐकू लागलं.

माझ्या शेजारी एक अनोळखी मुलगी बसली होती. मी तिला म्हटलं, “ते माझे वडील.” आयुष्यात पहिल्यांदा, कोणी विचारलेलं नसताना. ती म्हणाली, “मंत्रिपद नाकारलं तेच ना?”

मी मान हलवली. कशी हलवली, ते मलाच माहीत नाही.

लोक म्हणतात, झालं ते चांगलंच झालं. एका खात्याचा राज्यमंत्री होऊन काय केलं असतं त्यांनी? पण तसं म्हणायचा हक्क मला नाही. बापूंच्या मनात तेव्हा तांड्यांना जोडणारे रस्ते होते. आमच्या तांड्याचा रस्ता व्हायला पुढं कितीतरी पावसाळे गेले. त्या पावसाळ्यांत चिखलातून जी बाळंतीण बाजेवरून पुसेगावला नेली, ती मी पाहिली आहे. बापूंनी मंत्री होऊन तो रस्ता केला असता का? मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही, आणि त्याला कारण मी आहे.

मग औंढ्याचा सत्कार. हिंगोली जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. फ्लेक्सचे दिवस आले होते, आणि औंढा नागनाथच्या रस्त्यावर बापूंचे मोठमोठे फोटो लागले होते. खाली लिहिलेलं — ‘त्यागमूर्ती’. बापूंनी ते बघून माधवकाकांना विचारलं, “मी जिता हाय ना अजून? मग मूर्ती काहून करून राहिले?”

मंडपात मी बायकांमध्ये बसले होते. भाऊसाहेब फार थकले होते, दोघांनी धरून त्यांना माईकपर्यंत आणलं. त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. मी ती इतक्यांदा ऐकली होती की मला भीती वाटली नाही. आणि मग ते म्हणाले, “लोकांना पूर्ण गोष्ट माहीत नाही. मी स्वतः फोन केला होता. यांच्या लेकीनं उचलला. एवढीशी पोर. नसाबीत जाऊन बापाला विचारून आली आणि मला सांगितलं — नाही म्हणतात. बापाचा निरोप देताना तिचा आवाजसुद्धा हलला नाही. कुठं आहे ती?”

माधवकाकांनी आनंदानं माझ्याकडं बोट केलं. शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं. “तुमीच का वं ताई? उठा की!” सगळा मंडप वळला. टाळ्या सुरू झाल्या. मी उठले. मी हात जोडले.

हो, मी हात जोडले. तो तिसरा ‘नाही’, न बोलता.

बापूंकडं बघायचं मी टाळलं, पण बघितलंच. ते माझ्याकडं बघत नव्हते. भाऊसाहेबांकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नसाबीतला चेहरा होता, ऐकण्याचा.

रीतीप्रमाणं ते सगळ्यात शेवटी बोलले. म्हणाले, “भाऊसाहेब असं म्हणले — का त्यांनी फोन केला. माझ्या लेकीनं उचलला. तिनं सांगितलं, बापू न्हाई म्हणतात. बराबर?”

“बरोबर,” भाऊसाहेब खुर्चीतून म्हणाले.

माईकची घरघर ऐकू येत होती. त्या शांततेत त्यांना सगळं कळलं, शेंगांच्या सुपापर्यंत सगळं. मी ते कळताना पाहिलं.

मग ते म्हणाले, “आजपरेंत मी म्हणत आलो, मला कुणी इचारलंच न्हाई. आजपासून ते म्हणणार न्हाई. नायकाच्या घरातून शब्द गेला, का तो नायकाचा. लेकीनं दिला म्हंजी मी दिला.”

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, अखेर कबूल केलं. बापू पुढं रस्त्यांविषयी बोलले, पाण्याविषयी बोलले, नेहमीसारखं, शांत. इतक्या वर्षांत त्यांनी एक खरं वाक्य कधी सोडलं नव्हतं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी, हजारो लोकांसमोर, खाली ठेवलं. खोटं मात्र तेव्हाही बोलले नाहीत. पुन्हा वाचा ते वाक्य. त्यात खोटा शब्द नाही. मला त्यांचा जितका अभिमान नागपुरात वाटला होता त्याहून जास्त तिथं वाटला, आणि तो वाटून घ्यायचीही मला चोरी होती.

परतताना पुसेगावला जीप थांबली. माधवकाका चहा आणायला उतरले. बापू पुढं, मी मागं. त्यांनी मागं वळून न बघता आमच्या बोलीत विचारलं, काही सांगायचं आहे का. तोपर्यंत मला बोली चांगली यायला लागली होती. सगळे शब्द माझ्याकडं होते, नीट लिंगासकट.

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, “सांगायचं काही न्हाई. बराबर?”

आणि मी म्हटलं, “बराबर.”

माधवकाका ग्लास घेऊन आले. “ताईच्या च्यात साखर जास्त घाला म्हणलो वं साहेब. मंत्र्याला घरी बसवणारी लेक हाय!” ते हसले, बापूही थोडे हसले. बापूंनी आपला ग्लास थोडा निववून मला दिला, कारण मला गरम चहा पिता येत नाही.

बापू आता निवडणूक लढवत नाहीत. तांड्यावर असतात. चिंचेखाली अजून नसाब बसते आणि ते शेवटी बोलतात. कोणी ती मंत्रिपदाची गोष्ट काढली तर ते ऐकून घेतात आणि गप्प राहतात. ते वाक्य त्यांनी औंढ्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही. म्हणून ते मी इथं म्हणते, त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं परत देते.

त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर ते हो म्हणाले असते.